उष्टावण झालं, पण भरवणार कोण?

उष्टावण करायचं म्हटलं की आमच्याकडे आधी पंचांग उघडतं. मुलगा असेल तर सहावा किंवा आठवा महिना, मुलगी असेल तर पाचवा किंवा सातवा, मग वार, मग तिथी आणि सगळ्यात शेवटी मामाची सुट्टी. मामा पुण्याला नोकरीत असला की गाडी तिथेच अडते. चांदीची वाटी, तांदळाची खीर, खिरीत बुडवलेली सोन्याची अंगठी आणि ती बाळाच्या ओठांना लावणारा मामा, हा सोहळा मला मनापासून आवडतो. पण सोलापुरात अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून सगळी नोकरी केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. बाळाला वरचं अन्न कधी सुरू होतं, ते किती घट्ट असतं आणि त्यातलं पोटात किती जातं, हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं: त्या घरात बाळापुढे अर्धा तास मांडी घालून बसायला कोणाला सवड आहे.

तसं बघितलं तर सहा महिने हा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे. लसीकरणाच्या कार्डावर तो असतो, आशाताई घरी येऊन सांगतात, अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला असतो. पण नुसता आकडा सांगितला की तो पटत नाही, कारण सांगावं लागतं. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ आईच्या पोटातून येताना अंगात लोह घेऊन येतं. ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधातलं लोह बाळाला चांगलं लागू पडतं, पण ते असतं फार थोडं. म्हणून सहा महिन्यांनंतर दूध कितीही भरपूर असलं तरी लोह आणि जस्त वरच्या अन्नातूनच मिळवावं लागतं. दूध मात्र बंद करायचं नाही, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाची शिदोरी लवकर संपते, त्याला डॉक्टर लोहाचे थेंब आधीच सुरू करतात.

आणि चौथ्या महिन्यात का नको? कारण बाळ तयार नसतं. मान पुरती धरलेली नसते, बसवलं की कलंडतं, आणि चमचा ओठाला लागला की जीभ आपोआप पुढे येऊन घास बाहेर ढकलते. जिभेची ही ढकलण्याची सवय चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान हळूहळू जाते. घरातल्या बायका घास बाहेर आला की म्हणतात, "ह्याला आवडलं नाही." आवडण्या-नावडण्याचा तिथे काही संबंध नसतो. सहा महिने झालेलं बाळ टेकून बसतं, मोठ्यांच्या ताटाकडे टक लावून बघतं, घास जवळ आला की तोंड उघडतं. तेव्हाही पहिले काही दिवस निम्मं बाहेर येतंच. आज नको म्हटलेली चव दहाव्या खेपेला चालते, म्हणून एक-दोनदा थुंकल्यावर ते अन्न यादीतून काढून टाकायचं नसतं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आम्ही "चार ते सहा महिने" असं सांगत होतो. १९९२ साली बाळदुधासंबंधीचा कायदा आला, त्यातही बाळाच्या वरच्या अन्नासाठी चार महिन्यांचीच सीमा धरली होती. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, अशी शिफारस केली आणि २००३ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही चाराचे सहा झाले. वस्तीत हे सांगायला गेलं की बायका म्हणायच्या, "मॅडम, मागच्या लेकराला तर तुम्हीच चौथ्यात भात घाल म्हणला होता." प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मला लांब जावं लागलं नाही, दारातल्या पिंपाकडे बोट दाखवलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, तेही कधी रात्री-अपरात्री, मग ते पिंपात साठतं, तांब्याने काढलं जातं, त्यात लहान मुलं हात घालतात. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला जुलाब कमी होतात हे त्या बायकांनी आपल्याच घरात पाहिलेलं होतं, फक्त तसं कोणी बोलून दाखवलं नव्हतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळिशीकडे गेला की "लेकराचा घसा सुकतोय" म्हणून चमचाभर पाणी देणाऱ्या आज्या मात्र शेवटपर्यंत माझं ऐकत नव्हत्या. दुधातच भरपूर पाणी असतं, सहा महिन्यांच्या आत वेगळं पाणी लागत नाही, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं आहे. जुन्या माणसांना जुन्याच ग्रंथाचा आधार चालायचा. सुश्रुतसंहितेतसुद्धा सहाव्या महिन्यात हलकं आणि हितकर अन्न द्यावं असंच सांगितलं आहे, असं म्हटलं की दोन सासवा तरी मान हलवायच्या.

लवकर सुरू करणाऱ्यांची कारणं ऐकली की राग येत नाही. बाळ रात्री उठतं, म्हणजे दूध पुरत नाही असं वाटतं. आईला कामावर जायचं असतं. शेजारणीचं बाळ गुटगुटीत दिसतं. उशिरा सुरू करणारी घरंही तितकीच असतात, आणि त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. दात आले नाहीत, पचणार नाही, अधिकमास लागला, मामा आला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न मिळणारी बाळं ४६ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळांचा हा मोलाचा काळ नीट घासाविना जातो. त्याच पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्त कमी असलेली ६७ टक्के निघाली. सहाव्या महिन्यात संपलेली शिदोरी नंतर भरलीच गेली नाही, हे त्यातलं एक मोठं कारण आहे.

सोहळ्यावर मी कधी वाद घातला नाही. सहा महिने पुरे झाले की त्या दिवशी मऊ भाताचा घास घाला, मामा येईल तेव्हा खीर-अंगठी करा, असं सांगायचे. देवाची त्याला काही हरकत असेल असं मला वाटत नाही.

आता डाळीच्या पाण्याबद्दल. ह्या एका गोष्टीवर मी कितीही लिहू शकेन. पूरक आहार सुरू केला का, असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक घरातून उत्तर यायचं, "केला की, डाळीचं पाणी देते." कुकरचं झाकण काढायचं, वर आलेलं पिवळं पाणी पळीने अलगद वाटीत घ्यायचं, डाळ खाली तशीच. ती डाळ मोठ्यांच्या आमटीत जाते आणि बाळाच्या वाट्याला हळदीच्या रंगाचं पाणी येतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० कॅलरी वरून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या घरात. बाळाचं पोट असतं एवढंसं, एका वेळी पेलाभर मावेल न मावेल. ते पाण्याने भरलं की बाळ समाधानाने झोपतं, आणि घर समजतं लेकरू जेवलं.

मी घरोघरी चमचा घेऊन दाखवायचे. वाटीतलं अन्न चमच्यात घ्यायचं आणि चमचा तिरका करायचा. ओघळून गेलं तर ते पातळ, चमच्याला धरून बसलं तर बरोबर. डाळ रवीने घोटून भातात कालवायची, वर अर्धा चमचा तूप किंवा तेल. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे पुरतात. दोन-तीन वेळा देत देत आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीवर यायचं. नवव्या महिन्यात कुस्करलेलं, बोटात धरता येईल असं. वर्षाचं झालं की घरात जे शिजतं तेच, फक्त तिखट वेगळं. मीठ-साखरेची बाळाला वर्षभर गरज नसते, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे लहान बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो.

बायकांना हे कळत नव्हतं का? पटकन कळायचं. चमचा तिरका करून त्या मलाच हसून दाखवायच्या. तरी पुढच्या महिन्यात वाटीत पुन्हा पिवळं पाणीच असायचं. ह्याचं कारण मला तक्त्यात सापडलं नाही, शहराच्या पूर्व भागातल्या घरांच्या उंबऱ्यावर सापडलं.

अशोक चौक, दत्तनगर, पुढे कुंभारीकडचं विडी घरकुल, ह्या सगळ्या भागात बाई विड्या वळते आणि नवरा यंत्रमागावर असतो. सकाळी उजेड असतो तिथे, म्हणजे बहुतेक दारातच, ती पाय पसरून बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजाराच्या हिशोबाने. हात थांबला की मजुरी थांबली. तिच्या मागे साडीच्या झोळीत बाळ. ते रडलं की ती एका पायाने झोळीची दोरी ओढते आणि हात चालूच ठेवते. अशा बाईला घट्ट वरणभात भरव म्हणून सांगणं सोपं आहे. घट्ट अन्न बाळ घोटाने गिळत नाही. ते तोंडात घोळवतं, बाहेर काढतं, हसतं, मान वळवतं, पुन्हा तोंड उघडतं. प्रत्येक घासाला थांबावं लागतं. शिवाय उठून तंबाखूचे हात साबणाने दोनदा धुवायचे, भरवून झालं की पुन्हा तोंड-हात पुसायचे, पुन्हा बसायचं. डाळीचं पाणी मात्र बाटलीत भरून झोळीत देता येतं. चहात बुडवलेलं बिस्कीट बाळाच्या हातात देता येतं. त्या चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही हे तिला सांगितलं होतं, आणि ती ते विसरलेली नव्हती.

तिथल्याच एका ओळीत मी जे पाहिलं ते कुठल्या प्रशिक्षणात मला शिकवलं गेलं नव्हतं. शेजारशेजारच्या तीन घरांत एकाच वर्षी तीन बाळंतपणं झाली. चौथ्या घरात एक अव्वा, म्हणजे म्हातारी आजी, होती, सगळं आयुष्य विड्यांत गेलेली, आता डोळ्यांनी दोरा दिसेना म्हणून हात मंदावलेले. तिच्या वाटणीचं पान आणि तंबाखू त्या तिघींनी आपसांत वाटून घेतलं आणि तिच्या विड्या त्याच वळून देऊ लागल्या. बदल्यात अव्वा सकाळी अकराला आणि दुपारी चारला तिन्ही लेकरं आपल्या दारात घेऊन बसायची. तेलुगू घरांत तांदूळ आणि डाळी भाजून, भरडून बाळासाठी उग्गू करून ठेवतात, तो ती घट्ट शिजवायची आणि एकाच पातेल्यातून, पण तीन वेगळ्या वाट्यांत घालायची. एकाला घास दिला की तो घोळवेपर्यंत दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. थांबण्याचा वेळ तिने असा वाटून टाकला होता. तंबाखू सुटल्यामुळे तिचे हातही स्वच्छ. त्या तिघांपैकी एक लेकरू वजनाच्या तक्त्यावर लाल रंगाच्या, म्हणजे फारच कमी वजनाच्या, जवळ होतं, पुढच्या महिन्यांत त्याची रेघ वर चढायला लागली. आमच्या सेविकेने तक्ता माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मॅडम, अंगणवाडीची आहाराची पाकिटं तीच आहेत, भरवणारी बदलली." तेव्हापासून मी गृहभेटीच्या वहीत "काय देता" याच्या वर "कोण भरवतं" हा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहायला लागले.

आणि भरवणारं माणूस असलं तर सोलापूरच्या घरात उणं काहीच नाही. मंगळवेढ्याची ज्वारी आपल्या दारात आहे, आणि आपण मात्र बाळासाठी डबा आणायला मेडिकलमध्ये जातो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या अन्नाची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, तरी डब्याचा मान काही कमी होत नाही. ज्वारी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, कडक वाळवायची, मग मोड आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढून टाकायच्या. ही पायरी चुकवायची नाही, ज्वारीच्या कोवळ्या मोडात विषारी अंश असतो. मग दाणे भाजून दळायचे. मोड आल्यामुळे पिठातला स्टार्च सुटा होतो आणि खीर दाट पिठाची असूनही गिळायला सैल होते. तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं, म्हणजे एवढ्याशा पोटात जास्त अन्न जातं. हे काम फार निगुतीचं वाटत असेल तर साधं ज्वारीचं पीठ तुपावर भाजून, मुगाची डाळ घोटून घातली तरी चालतं. वर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, धान्यातलं लोह त्याने चांगलं लागू पडतं. मटण खाणाऱ्या घरांना मी नेहमी कलेजीची आठवण करून द्यायचे. रविवारी रस्सा होतो, सगळे जेवतात, आणि ज्याला लोहाची सगळ्यांत जास्त गरज त्याच्या वाटीत काही पडत नाही. उकडलेल्या कलेजीचा एक तुकडा बारीक कुस्करून भातात घातला तर बाळ आनंदाने खातं. उकडलेलं अंडंही सहा महिन्यांनंतर चालतं. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांपासून लोहाचं औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. शी काळी होते म्हणून घाबरून ते बंद करू नये.

शेंगदाण्याचं सांगायलाच हवं, शेंगा चटणीच्या गावात राहतो आपण. बाळाला वर्षभर शेंगदाणा लावू नका, पित्त होतं, अंगावर उठतं, असं आपल्याकडे सांगतात, आणि परदेशातले डॉक्टरही पूर्वी उशिराच द्या म्हणत होते. २०१५ मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासाने ते उलटं करून दाखवलं. अंगावर तीव्र पुरळ असलेली किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं त्यात होती, चार ते अकरा महिन्यांची. ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. अशी बाळं असतील तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी, बाकीच्यांनी निर्धास्त. मात्र अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. आमच्याकडे चटणी अजून उखळात कुटतात. भाजलेले, सोललेले, चांगले निवडलेले दाणे कुटता कुटता तेल सुटायला लागतं, त्या वेळी लसूण-तिखट पडायच्या आधी चमचाभर मऊ कूट बाजूला काढायचं आणि बाळाच्या खिरीत पातळ करून मिसळायचं. खवट किंवा काळवंडलेला दाणा त्यात येता कामा नये.

आता माझ्या घरातलं सांगते. नात सहा महिन्यांची झाली. सून एका बँकेत आहे. २०१७ पासून भरपगारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, म्हणजे बरोबर सहा महिने, आणि हा बदल फार मोठा आहे. पण त्यातले काही आठवडे सुनेने प्रसूतीच्या आधी घेतले, पाय सुजले होते, घेणं भागच होतं. त्यामुळे नात पाच महिन्यांची होण्याआधीच ती कामावर रुजू झाली. तेव्हा घरात दोन पाहुण्या बायकांनी सहज सुचवलं, मुलगी आहे, पाचवा महिना चालतोच, उष्टावण उरकून टाका. सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "तू दूध काढून ठेव, मी पाजते." ती सकाळी निघण्याआधी आणि बँकेत जेवणाच्या सुट्टीत दूध काढायची. बँकेत त्यासाठी वेगळी खोली नाही, स्टोअररूमला आतून कडी लावून ती बसायची. बर्फाच्या पिशवीत डबी घालून घरी आणायची. मी वाटी-चमच्याने पाजायचे. असे ते आठवडे काढले. विडी वळणाऱ्या बाईला एवढंही करता येत नाही, हे त्या दिवसांत मला रोज आठवायचं. तिच्या थांबलेल्या हाताला कुठूनच पगार येत नाही.

सहा महिने पूर्ण झाले त्या सकाळी नातीला मऊ भात आणि घोटलेलं वरण दिलं. सातव्यात मामा येणार आहे, तेव्हा खीर होईल. सध्या दुपारचं मी भरवते, रात्रीचं तिची आई. पण पुढे तीन-चार वेळा द्यायचं आहे आणि माझे गुडघे खाली बसू देत नाहीत, हे घरात सगळ्यांना दिसतं आहे. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो, सकाळी घरीच. त्याला मी म्हटलं, सकाळची वाटी तुझी. पहिले दोन दिवस तो मोबाईल समोर धरून भराभर चमचे घालत होता, मी मोबाईल काढून घेतला. आता तो चमचा धरून तिच्या तोंड उघडण्याची वाट बघतो. संध्याकाळच्या वाटीसाठी त्याने मालकाकडे पहिली पाळी मागितली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.